मुक्त आधारसामग्री आणि वैज्ञानिक ज्ञानशोध : स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या संदर्भात

प्रस्तावना

निरीक्षण, त्याची नोंद आणि नोंदीवरून काढलेला निष्कर्ष या तीनही पायऱ्या एकाच संशोधकाने वा एकाच प्रयोगशाळेने चढावयाच्या, अशी विज्ञानाची दीर्घकाळ रीत होती. निष्कर्ष नियतकालिकांतून प्रसिद्ध होत. मूळ नोंदी मात्र बहुधा प्रयोगशाळेच्या कपाटातच राहत. आंतरजालामुळे ही स्थिती पालटली. मूळ आधारसामग्रीच सर्वांसाठी खुली झाल्यास निरीक्षण करणारा एक आणि शोध लावणारा दुसरा असू शकतो. या बदलाचे स्वरूप, त्याचे सामर्थ्य आणि त्यातील धोके खगोलशास्त्रातील एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सर्वेक्षणाचे स्वरूप

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अपाची पॉइंट वेधशाळेत 2.5 मीटर व्यासाच्या दुर्बिणीद्वारे 2000 साली स्लोन डिजिटल आकाश-सर्वेक्षण सुरू झाले. पाच वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत आकाशाची छायाचित्रे घेणे आणि निवडक दीर्घिकांचे वर्णपट नोंदविणे असे त्याचे दुहेरी कार्य होते. वर्णपटातील रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या आहेत यावरून दीर्घिकेचे अंतर ठरविता येते. 2001 पासून ही सामग्री टप्प्याटप्प्याने खुली करण्यात आली. संगणकतज्ज्ञ जिम ग्रे आणि खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर झालाय यांच्या पुढाकाराने उभारलेल्या ‘स्काय सर्व्हर’मुळे कोणालाही आंतरजालावरून या साठ्याला प्रश्न विचारता येऊ लागला. सामग्री केवळ ठेवली गेली नाही. प्रत्येक आकडा कसा मिळाला याची माहितीही तिच्यासोबत देण्यात आली. परक्या अभ्यासकाला तिचा उपयोग करता आला तो याच कारणाने.

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

या सर्वेक्षणातील सुमारे 9 लाख दीर्घिकांचे वर्गीकरण करण्यासाठी जुलै 2007 मध्ये ‘गॅलेक्सी झू’ हा उपक्रम सुरू झाला. दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार, एवढाच मुख्य प्रश्न सामान्य नागरिकांना विचारण्यात आला होता. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख व्यक्तींनी 5 कोटींहून अधिक नोंदी केल्या. त्या करताना काहींच्या लक्षात लहान, वाटोळे, हिरवे ठिपके आले. त्यांनी गंमतीने त्यांना ‘मटार’ म्हटले आणि तशी आणखी उदाहरणे हुडकून एकत्र केली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून त्या अतिशय वेगाने तारे निर्माण करणाऱ्या छोट्या दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. त्यांचा हिरवा रंग आयनित ऑक्सिजनच्या प्रखर उत्सर्जनरेषेमुळे दिसत होता. छायाचित्रे व वर्णपट आधीपासून साठ्यात होते. त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहिले गेले नव्हते.

पुण्यातील शोध : सरस्वती

याच साठ्यातून 2017 मध्ये एक महत्त्वाचा भारतीय शोध पुढे आला. पुण्यातील आयुका आणि भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था येथील संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे 4 अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर, दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह ओळखला व त्यास ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षे असून त्यात किमान 43 दीर्घिकासमूह आहेत. विश्वाचे वय सुमारे 10 अब्ज वर्षे असताना एवढी विशाल रचना कशी साकारली, हा विश्वरचनाशास्त्रापुढील गंभीर प्रश्न त्यातून उभा राहिला. जयदीप बागची यांच्या नेतृत्वाखालील या चमूत केरळमधील थोडुपुळा येथील न्यूमन महाविद्यालयाचाही सहभाग होता, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

मर्यादा व धोके

तथापि, खुली सामग्री म्हणजे निर्दोष सामग्री नव्हे. ‘गॅलेक्सी झू’च्या नोंदींत घड्याळाच्या उलट दिशेने वळणाऱ्या सर्पिल दीर्घिका अधिक आढळल्या. हे खरे असते तर विश्वाला एक विशिष्ट दिशा आहे, असा क्रांतिकारक निष्कर्ष निघाला असता. संशोधकांनी तीच चित्रे आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटवून पुन्हा दाखविली. तरीही आधिक्य त्याच दिशेचे राहिले. दोष आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांच्या दृष्टीत होता.

दुसरा धोका निवडीचा आहे. सर्वेक्षणाच्या मुख्य दीर्घिका-नमुन्यात ठरावीक मर्यादेहून अंधुक दिसणाऱ्या दीर्घिकांचे वर्णपट घेतले गेले नाहीत. परिणामी दूरच्या भागातील केवळ अतितेजस्वी दीर्घिकाच त्यात आढळतात. ही अट ध्यानात न घेता ‘पूर्वी दीर्घिका अधिक तेजस्वी होत्या’ असे अनुमान काढणे म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्यात लहान मासे सापडले नाहीत, म्हणून तळ्यात ते नाहीतच असे मानण्यासारखे होय. तिसरा धोका असा की, एकाच साठ्यावर असंख्य परीक्षणे केल्यास त्यांपैकी काही निव्वळ योगायोगानेही अर्थपूर्ण भासतात. म्हणून गृहीतक आधी निश्चित करणे आणि निष्कर्ष स्वतंत्र सामग्रीवर पडताळणे अगत्याचे ठरते.

समारोप

मुक्त आधारसामग्रीमुळे महागड्या उपकरणांची मक्तेदारी काही अंशी सैल झाली आहे. दुर्बीण नसलेल्या महाविद्यालयातूनही मूलभूत संशोधनात भाग घेता येतो, हे वरील विवेचनावरून दिसून येते. मात्र उपकरणाची उणीव भरून निघाली, तरी प्रश्नाची उणीव साठ्यातून भरून निघत नाही. सामग्री कशी व कशासाठी गोळा झाली हे समजून घेण्याची आणि स्वतःच्या निष्कर्षावर शंका घेण्याची सवय विद्यार्थ्यांत रुजविणे, हे यापुढे विज्ञान-अध्यापनाचे आवश्यक अंग मानावे लागेल.