दीड किलो मिठाचा हिशेब

सकाळी 7.30
प्रयोगशाळा उघडली की आधी खिडक्या, मग एक्झॉस्ट पंखा, मग ओट्यांमधून एक फेरी. कुठल्या बाटलीचं बूच सैल राहिलंय ते वासावरून कळतं. आज बी.एस्सी.च्या मुलांची लॅसेन टेस्ट आहे. केरोसिनमधलं सोडियम, कोरडी सुरी आणि गाळणकागद नळापासून लांबच्या ओट्यावर मांडून ठेवतो.

8.00
भंडाऱ्यात रसायनशास्त्र शिकवताना मला सगळ्यात आवडणारं प्रात्यक्षिक हेच. काचेच्या बारीक नळीत सोडियमचा लहानसा तुकडा, त्यावर चिमूटभर अनोळखी सेंद्रिय पदार्थ. नळी लालबुंद होईपर्यंत तापवायची आणि तशीच चिनी मातीच्या बशीतल्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवायची. ती तडकते, मुलं दचकून मागे सरतात. पाणी उकळून गाळायचं, नायट्रिक आम्ल घालून पुन्हा उकळायचं, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. पांढरा, दह्यासारखा साका खाली बसला की क्लोरीन आहे हे नक्की. रेणू मोडला, पण त्यातला क्लोरीन मिठाच्या रूपानं हाती लागला. पुढचा सगळा दिवस मी याच गोष्टीभोवती फिरणार आहे, हे मुलांना अजून ठाऊक नाही.

11.00
टाकाऊ द्रावणांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या. क्लोरोफॉर्म आणि डायक्लोरोमिथेन एकीकडे, ॲसिटोन आणि इथाइल ॲसिटेट दुसरीकडे. बेसिनमध्ये थेंबही जाता कामा नये. आपलं पिण्याचं पाणी वैनगंगेचं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे तिच्यातच उतरतं आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात रेंगाळतं. त्यात आपली भर नको. 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर तारीख.

12.30
एम.एस्सी.चा तास. विषय: वितळलेल्या क्षारातलं ऑक्सिडीकरण. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, साधारण 850 अंश सेल्सिअसला वितळतो. त्यात योग्य प्रमाणात पोटॅशियम कार्बोनेट मिसळलं तर 710 च्या आसपासच. या लाल, पातळ रसाच्या पृष्ठभागाखाली नळीतून कचरा आणि हवा एकत्र सोडायची. भट्टीसारखी ज्वाळा नाही. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी. नायट्रोजन बहुतांशी वायू होऊनच निघून जातो.

क्लोरीनचं काय, हा खरा प्रश्न. साध्या भट्टीत त्याची हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते आणि ती धुराड्याची वाट धरते, आणि धूर 200 ते 400 अंशांच्या टप्प्यातून थंड होताना डायॉक्झिन तयार होण्याची भीती असते. सोड्याचा रस त्या आम्लाला जागच्या जागी धरतो. सकाळच्याच बाटलीतला क्लोरोफॉर्म घेऊन फळ्यावर मांडलं:

2CHCl₃ + O₂ + 3Na₂CO₃ → 6NaCl + 5CO₂ + H₂O

1 किलो क्लोरोफॉर्मला 1.33 किलो सोडा लागतो आणि 1.47 किलो मीठ उरतं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, नष्ट केलं त्यापेक्षा उरलंच जास्त!” अगदी हाच प्रश्न मला हवा होता. नष्ट झाला तो रेणू; अणू कुठेच जात नाहीत. ते कुठे गेले हे तराजूवर दाखवता येतं, म्हणून ही पद्धत मला प्रामाणिक वाटते. तिच्या अडचणीही तितक्याच खऱ्या. कचऱ्यातली राख रसाच्या 20 टक्क्यांच्या आसपास पोहोचली की रस घट्ट होतो. तापलेला सोडा भांड्याला खातो. जड धातू मिठातच अडकतात, म्हणून ते मीठ विरघळवून, गाळून, तपासूनच पुढे पाठवावं लागतं. मोठ्या प्रमाणावर ही पद्धत रुळली नाही, त्यामागे हीच कारणं आहेत.

2.00
डबा. जवाहरनगरचा एक विद्यार्थी शेजारी येऊन बसला. त्याच्या घरचे आयुध निर्माणीत. 24 जानेवारी 2025 ला तिथल्या स्फोटात आठ कामगार गेले, तेव्हापासून तो बोलतो कमी आणि विचारतो जास्त. आज विचारलं, “सर, जुन्या दारूगोळ्याचंही असं करता येईल?” जगभर मुदत संपलेली स्फोटकं उघड्या मैदानात जाळण्याची रीत आहे, धूर वाऱ्यावर आणि उरलेलं मातीत. त्याला सांगितलं की 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं वितळलेल्या क्षाराचं हेच तंत्र करून पाहिलं होतं, आरडीएक्स आणि टीएनटीवरही. 1995 च्या अमेरिकन पेटंटवर ब्रमंड आणि प्रुनेडा यांच्याबरोबर रवींद्र उपाध्ये हे नाव आहे. नाव ऐकून तो पहिल्यांदा हसला.

4.30
गावाकडून फोन. धानावर फवारायला आणलेलं क्लोरपायरीफॉस घरात पडून राहिलंय, मुदत संपली. “जारून टाकू का जी?” नाही, दादा. जाळायचं नाही, नाल्यात ओतायचं नाही, पुरायचंही नाही. त्याच बाटलीत, चिठ्ठीसकट, बूच घट्ट लावून लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेव आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला सांग. रिकामी बाटली असेल तर तीनदा विसळून ते पाणी पंपातच घाल आणि बाटलीला भोक पाड, म्हणजे कोणी तिच्यात तेल भरणार नाही. एवढं सांगून झालं, तरी त्या बाटलीतल्या औषधाचं शेवटी काय होणार याचं उत्तर त्याला देता आलं नाही, हे मला फार लागतं. गावोगावी अशा बाटल्या फडताळात आहेत. तालुक्याला त्या गोळा करण्याची एक ठरलेली जागा हवी, आणि तिथून त्या नीट नष्ट होतील अशा केंद्रापर्यंत नेणारी गाडी.

रात्री 9.00
उद्याच्या तासाची तयारी. क्लोरपायरीफॉसच्या एका रेणूत तीन क्लोरीन, एक गंधक, एक फॉस्फरस, एक नायट्रोजन. क्लोरीनचं मीठ होईल, गंधकाचं सोडियम सल्फेट, फॉस्फरसचं फॉस्फेट. एका रेणूमागे सोड्याचे चार रेणू लागतात, पण ते मी फळ्यावर लिहिणार नाही. वर्गाला फक्त सूत्र देणार आहे, आणि जवाहरनगरच्या मुलाला फळ्याजवळ बोलावणार आहे.