आगीच्या सोबतीनं वाढलेलं रान

चिडाच्या झाडाखाली पडलेला सुयांचा एक झुबका उचलून पाहा. त्यात तीन सुया असतात. प्रत्येक साधारण वीतभर लांब, आणि तिन्ही बुडाशी एका पातळ आवरणात बांधलेल्या. त्यातली एक सुटी करून बोटांत फिरवली की तिच्या दोन बाजू सपाट आणि एक गोलसर लागते. आता तिन्ही पुन्हा एकमेकींना चिकटवून धरा. त्यांची मिळून एक अख्खी गोल काडी होते, मध्ये फट म्हणून राहत नाही. एका झाडावर अशा लाखो सुया असतात आणि प्रत्येक झुबका याच मापानं घडलेला असतो.

चीड हा हिमालयातला एक पाइन. त्याचं शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्घाय. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्या स्मरणार्थ ते दिलं गेलं. पाकिस्तानपासून भूतानपर्यंत हिमालयाच्या खालच्या उतारांवर, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीच्या पट्ट्यात चीड वाढतो. एकट्या उत्तराखंडात त्याचं रान सुमारे ४ लाख हेक्टरांवर पसरलं आहे. नैनिताल, अल्मोडा, कौसानी, पौडी अशा कुठल्याही वाटेनं गेलात, तरी वळणावळणाला सरळसोट खोडांची ही रांग सोबत चालतेच.

या रानाचं खरं नवल कळतं ते उन्हाळ्यात. एप्रिल ते जून हे या डोंगरांतले तापलेले, कोरडे महिने. नेमकं याच दिवसांत चीड आपल्या जुन्या सुया ढाळतो. स्थानिक लोक या पडलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. पिरुलात राळ असते. या सुया लवकर कुजत नाहीत आणि ठिणगी पडली की भराभर पेटतात. म्हणजे वणव्याच्या ऐन मोसमात हे झाड स्वतःच्या पायाशी जळण रचून ठेवतं! वरवर पाहता हा आत्मघात वाटेल. पण दोन वर्षं झाडावर पिकत राहिलेले शंकू याच सुमारास उघडतात आणि त्यांतलं पंख असलेलं हलकं बी वाऱ्यावर दूरवर जातं. पिरुलाच्या जाड थरावर पडलेलं बी मातीपर्यंत पोचत नाही. थर जळून गेला असेल, तर त्याला उघडी माती मिळते, भरपूर ऊन मिळतं आणि काही आठवड्यांत पाऊसही येतो.

मोठं झाड मात्र जमिनीलगतच्या आगीत सहसा तगून राहतं. त्याची साल जाड आणि भेगाळलेली असते. खालच्या फांद्या त्यानं आधीच गाळलेल्या असतात, त्यामुळे ज्वाळांना शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळत नाही. कोवळ्या रोपाचा शेंडा जळाला तरी बुडातून त्याला नवा कोंब फुटतो. पाइनच्या जातींमध्ये ही ताकद फार थोड्यांकडे आहे.

बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याला वारंवारची आग सोसत नाही. बांजाच्या रानातली जमीन पालापाचोळ्यानं मऊ आणि ओलसर असते, त्याची पानं गुरांना चारा म्हणून चालतात, लाकूड चुलीला चांगलं. म्हणून गावांचा जीव बांजावर. पण वारंवार आग लागली, फांद्या ओरबाडल्या गेल्या, की उघड्या पडलेल्या रुक्ष उतारावर बांज मागे हटतो आणि चीड पुढे येतो. पातळ, नापीक, दक्षिणेच्या उन्हात भाजणाऱ्या जमिनीवरही तो मुकाट उभा राहतो.

आता माणसांकडे वळू. डोंगरातली माणसं चिडाला पिढ्यानपिढ्या वापरत आली आहेत. राळेनं माखलेल्या लाकडाच्या ढलप्यांना कुमाऊंत छिलुक म्हणतात. वीज नव्हती तेव्हा रात्रीची वाट त्याच्याच उजेडात चालत. पिरूल गोठ्यात अंथरायला लागे, मग त्याचं खत होई. थंडी सरता सरता गावकरी स्वतःच पिरूल बेतानं जाळत, म्हणजे पावसाबरोबर ताजं गवत उगवे.

इंग्रजी राजवटीला याच झाडात दुसरं काही दिसलं. खोडाला छेद दिला की त्यातून लीसा, म्हणजे चिकट कच्ची राळ, पाझरते. आजच्या पद्धतीत बाहेरची साल तासून सपाट करतात. मधोमध एक उभी चर आणि तिला येऊन मिळणाऱ्या तिरक्या बारीक चरा ओढतात. पाझर लवकर थांबू नये म्हणून त्यांवर सौम्य आम्लाचा फवारा मारतात आणि खाली एक भांडं अडकवतात. त्यात थेंबाथेंबानं साठलेल्या लीशाचं ऊर्ध्वपातन केलं की टर्पेंटाइन वेगळं होतं आणि बिरोजा, म्हणजे घट्ट राळ, मागे उरते. रंग, साबण, कागद, व्हायोलिनचा गज, या सगळ्यांत ती कामी येते. शिवाय औषध मुरवून टिकाऊ केलेल्या चिडाच्या लाकडाचे रेल्वेसाठी स्लीपर होऊ लागले. झाडाला बाजारभाव आला आणि रानाचा मालक बदलला.

१९११ ते १९१७ या काळात कुमाऊंतली मोठमोठी रानं सरकारनं राखीव केली. गवत, जळण, चराई यांवर बंधनं आली आणि पिरूल जाळणं हा गुन्हा ठरला. या बंधनांवरचा आणि वेठबिगारीवरचा राग साचत गेला. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या साथीदारांच्या हाकेवर लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या. त्याच उन्हाळ्यात कुमाऊंची राखीव रानं जागोजाग पेटली, आणि त्यांतले बरेचसे वणवे मुद्दाम लावलेले होते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या आगींचा अभ्यास करताना एक गोष्ट दाखवून दिली. जळली ती सरकारच्या कमाईची चिडाची रानं. रुंद पानांच्या झाडांची विस्तीर्ण रानं शाबूत राहिली. लोकांना काय जाळायचं आणि काय राखायचं याची पक्की जाण होती. पुढे सरकारनं तक्रारींसाठी समिती नेमली आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम झाले. गावानं आपलं रान आपण सांभाळायचं, ही व्यवस्था उत्तराखंडात आजही चालू आहे. तिथे ११ हजारांहून अधिक वन पंचायती आहेत.

या कहाणीचा एक धागा वर्ध्यापर्यंत येतो. गांधीजींच्या इंग्रज शिष्या सरला बहन सेवाग्रामहून १९४१ मध्ये कुमाऊंत गेल्या आणि कौसानीला त्यांनी डोंगरातल्या मुलींसाठी लक्ष्मी आश्रम उभा केला. तिथल्या विद्यार्थिनींपैकी विमला बहुगुणा पुढे चिपको आंदोलनात उतरल्या. चिपको म्हटलं की झाडाला मिठी मारणाऱ्या बायका आठवतात. पण १९७७ मध्ये गढवालच्या हेंवल खोऱ्यात बायकांनी आणखी एक काम केलं. लीसा काढण्यासाठी चिडाच्या खोडात ठोकलेली लोखंडी पाती त्यांनी उपटून काढली आणि त्या जखमांवर माती लिंपून वर गोणपाट बांधलं. ज्या झाडाच्या रानाला १९२१ मध्ये काडी लागली, त्याच झाडाला इथे मलमपट्टी झाली. दोन्ही वेळा लोकांचा रोष झाडावर नव्हता. रान कोणासाठी, एवढाच त्यांचा सवाल होता.

आज तो सवाल नव्या रूपात समोर उभा आहे. गावं ओस पडली, गुरं कमी झाली, पिरूल उचलणारे हात उरले नाहीत. थरावर थर साचतो आणि आग लागली की ती आवरत नाही. १३ जून २०२४ रोजी अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणव्याशी झुंजताना चार वनकर्मचारी जागीच होरपळून गेले. दरवर्षी खापर फुटतं चिडावर. कोणी त्याला पाणी पिणारा म्हणतं, कोणी परका. परका तर तो मुळीच नाही. तो हिमालयाचाच आहे, आणि माणसानं थकवलेल्या जमिनीवर पहिल्यांदा हिरवळ आणणाराही बहुतेक वेळा तोच असतो.

उपायाची दिशाही इथेच दिसते. पिथौरागढ जिल्ह्यात बेरीनागजवळ ‘अवनि’ या संस्थेनं पिरुलापासून वायू बनवून त्यावर वीज तयार करून दाखवली आहे. पिरुलाच्या दाबलेल्या विटा कोळशाऐवजी वापरता येतात. राज्य सरकारही गावकऱ्यांकडून पिरूल विकत घेतं. पिरूल गोळा करून घरात चार पैसे येत असतील, तर गावच रानाची राखण करेल. शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो की या रानाला कुंपणापेक्षा गावानं जास्त सांभाळलं आहे.

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात हजारो लोक या डोंगरांत जातात. आपण जातो ते दिवस नेमके पिरूल वाळलेलं असण्याचे, आणि तिथले बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. तेव्हा चिडाच्या रानात विडी-सिगारेट पेटवू नका, चूल मांडू नका. कुठे धूर दिसला तर पुढच्या गावात थांबून लगेच सांगा.