घना-राधाची गोष्ट आजही पुरते!

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' पुन्हा बघतेय. कितव्यांदा, विचारू नका.

२०१२ साली झी मराठीवर लागायची. दिग्दर्शन सतीश राजवाडेंचं. स्वप्नील जोशी-मुक्ता बर्वे ही जोडी त्यांनी २०१०च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'मध्ये आधीच जमवली होती. घनाला अमेरिका गाठायची, राधाला लग्नच नको. घरच्यांची कटकट थांबावी म्हणून दोघं करारावर बोहल्यावर चढतात. पुढे प्रेम होणार हे आमच्या आजीनंही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं! मजा मात्र 'कधी' यात होती.

माझं (वादग्रस्त) मत: खरी प्रेमकथा राधा आणि तिच्या बाबांची. विनय आपटेंचा तो भारदस्त आवाज लेकीशी बोलताना जरा हलका व्हायचा, की आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून जायचं. घना गोड आहे, पण बावळट. घनाच्या, म्हणजे काळ्यांच्या भरल्या घरात राधा रुळत जाते, तिथे मुक्ता नुसत्या नजरेनं काम करते.

आणि मुख्य म्हणजे मालिका त्याच वर्षी संपली. ना कुणाची स्मृती गेली, ना कुणी मेलेला परत आला. हल्लीच्या लेखकांनो, ऐकताय ना?

तुमची टीम कोणती, घना की राधा?