कल्हई, लेप आणि मोटारीचे धुराडे

कार्तिक पौर्णिमेला मांजरसुंब्याहून कपिलधारकडे वळणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, तर एकाच वेळी दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेल्या दिंड्या शिवनामाचा गजर करीत पायी चाललेल्या असतात. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून आलेली ही माणसे. त्यांत म्हातारीकोतारी आहेत, कडेवर मूल घेतलेल्या बाया आहेत. आणि त्यांच्या बाजूने, कित्येकदा त्यांच्या अंगाला घासून, जीपगाड्या, टेंपो व मोटारसायकली बालाघाटाचा चढ-उतार पार करीत असतात. पावसाळ्यात हिरवेगार असलेले या डोंगरावरील गवत तोवर पिवळे पडून वाळू लागलेले असते. त्या वाळत्या गवतावर गाड्या उभ्या केल्या जातात आणि मंडळी दर्शनाला जातात.

त्या गाड्यांच्या पोटाखाली काय आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तेथे एक तापलेली नळी आहे. तिला कोणी सायलेन्सर म्हणतो, कोणी धुराडे म्हणतो. अलीकडे या नळीवर ‘सिरॅमिक कोटिंग’ करून देणारे कारागीर शहरांतून दिसू लागले आहेत आणि बाहेरचे, म्हणजे मूळ कारखान्याचे नसलेले, लेप दिलेले सुटे भागही विकत मिळतात. हा लेप म्हणजे काय, तो काय करतो, आणि त्याच्याकडून काय मागू नये, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर करू. गाडीच्या रंगाला चकाकी यावी म्हणून दुकानांतून जे सिरॅमिक कोटिंग केले जाते, त्याचा या विषयाशी संबंध नाही. तो रंगावरचा पातळ रक्षक थर. धुराड्याच्या उष्णतेत त्याचा निभाव लागणार नाही. नाव एक, धंदे दोन.

आता उष्णतेचा हिशेब मांडू. पेट्रोलच्या गाडीत जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात. तीन रुपयांचे इंधन जाळले, तर सुमारे एक रुपयाचे काम होते, एक रुपया इंजिन थंड ठेवण्यात जातो आणि उरलेला एक रुपया धुराड्यातून बाहेर पडतो. पूर्ण जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. डिझेलचा त्याहून कमी. घाट चढताना भरलेल्या गाडीची पहिली नळी अंधारात लालसर दिसू शकते, ती यामुळेच.

इतक्या तापलेल्या पोलादावर दोन संकटे येतात. हवेतील प्राणवायू त्याला खातो. साधे पोलाद सुमारे 500 ते 550 अंशांपलीकडे गेले की त्यावर पापुद्रे धरू लागतात आणि ते झडतात. शिवाय गाडी थंड झाली की आत पाणी साचते, बाहेरून चिखल बसतो आणि गंज चढतो. कारखानदार या संकटांवर उत्तर म्हणून क्रोमियम मिसळलेले पोलाद वापरतात. परंतु ते महाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रोमियम व निकेल यांची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने साध्या पोलादाच्या धुराड्यांवर काचेसारखा सिरॅमिक थर भाजून बसविण्याचे प्रयोग केले. पुढे 1960 च्या सुमारास एक्स-15 या रॉकेट-विमानाच्या इंजिनाला आतून झिर्कोनियाचा थर देण्यात आला. गल्लीतल्या गाडीपर्यंत ही विद्या अशा वाटेने आली आहे.

पण कल्पना म्हणून पाहिले तर ती आपल्याला परकी नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई करणारा कारागीर दारात बसलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना निम्मा विषय आधीच समजलेला आहे. तो प्रथम भांडे घासतो. मग ते तापवून त्यावर नवसागर टाकतो. धूर निघतो आणि धातूवरचा मळ व गंज सुटतो. त्यानंतरच तो कथिल फिरवितो. नवसागर न लावता कथिल फासले तर ते धरत नाही, गोळे होऊन घरंगळते. धातूवर परका थर टिकवायचा असेल, तर आधी धातूचे अंग निखळ उघडे करावे लागते. हा नियम कथिलाला लागू आहे आणि झिर्कोनियालाही.

धुराड्याच्या लेपाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात राळेसारख्या द्रवात सिरॅमिकची किंवा ॲल्युमिनियमची बारीक पूड मिसळून ती फवाऱ्याने नळीवर मारतात व भट्टीत सुमारे 200 ते 300 अंशांवर भाजतात. हा थर 25 ते 50 मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो. दुसऱ्यात प्लाझ्माच्या झोतात, ज्याचे तापमान 10,000 अंशांच्याही वर जाते, झिर्कोनियाची पूड वितळवून ती वेगाने धातूवर आपटवितात. त्याआधी निकेल-क्रोमियमचा एक बंधक थर द्यावा लागतो. हा लेप पोस्टकार्डाइतका जाड होऊ शकतो. तो महागही असतो आणि त्याची यंत्रसामग्रीही मोजक्या ठिकाणीच असते.

बंधक थर कशासाठी? कंदिलाची तापलेली काच पाण्याच्या एका थेंबाने तडकते, हे आपण जाणतो. एक भाग आकसतो, शेजारचा आकसत नाही आणि त्या ओढाताणीत काच फुटते. एक मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी 600 अंशांनी तापली की सुमारे 7 मिलीमीटर लांबते. स्टेनलेस पोलादाची त्याहून अधिक, 10 मिलीमीटरच्या आसपास. झिर्कोनिया पोलादापेक्षा कमी पसरतो. म्हणजे अंगरखा अंगाबरोबर वाढत नाही. मधला बंधक थर ही ओढाताण काहीशी सोसतो, लेपाला चिकटण्यास खडबडीत जागा देतो आणि खालचा धातू गंजण्यापासून वाचवितो. तो नसेल, किंवा नळी नीट साफ केलेली नसेल, तर काही घाट चढता-उतरताच लेपाच्या खपल्या निघतात.

आता मुख्य प्रश्न: हा लेप उष्णता किती अडवितो? येथे जाहिरात आणि पदार्थविज्ञान यांच्या वाटा थोड्या वेगळ्या होतात. झिर्कोनियातून उष्णता फार हळू वाहते हे खरे. साध्या पोलादातून ती त्याच्या कित्येक पटींनी वेगाने वाहते. परंतु घोंगडी कितीही उबदार लोकरीची असली, तरी ती कागदाइतकी पातळ विणली तर थंडी कितीशी अडणार? पातळ लेपाचे असेच आहे. नळीतील वायूकडून धातूकडे उष्णता येताना आणि धातूकडून हवेत जाताना जो अडथळा असतो, त्यापुढे या थराचा अडथळा अल्प आहे.

मग लोकांना फरक जाणवतो तो कशाने? त्याचे एक मोठे कारण पृष्ठभागात आहे. तापलेली वस्तू किरणांच्या रूपानेही उष्णता फेकते. काजळी धरलेले पातेले आणि लखलखीत घासलेले पातेले यांत सारखाच गरम चहा ठेवला, तर लखलखीत पातेल्यातला अधिक वेळ गरम राहतो, कारण चकचकीत अंग किरणे कमी फेकते. गंजून काळपट झालेली नळी भरपूर किरणे फेकते. तिच्यावर ॲल्युमिनियमयुक्त उजळ लेप आला की हे फेकणे कमी होते आणि बॉनेटखालच्या तारा, रबरी नळ्या व बॅटरी यांना कमी झळ लागते. हा लाभ खरा आहे. त्याहून अधिक निवारा हवा असेल, तर नळी आणि शेजारचा भाग यांच्यामध्ये हवेची फट ठेवून बसविलेला पत्र्याचा आडोसा अधिक काम करतो. तो कारखान्यातूनच बसवून आलेला असतो आणि खडखडतो म्हणून पुष्कळ जण तो काढून फेकतात! लेपावर पैसे घालण्यापूर्वी तो पत्रा परत बसवावा.

याच ठिकाणी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. लेप उष्णता नाहीशी करीत नाही. तो तिची वाट बदलतो. बाजूने बाहेर पडणारी झळ अडविली, तर ती वायूबरोबर पुढे जाते. काही वेळा हेच हवे असते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बाइनपर्यंत वायू गरम पोहोचला तर थोडा लाभ होतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे 250 ते 300 अंशांवर कामास लागतो. त्याच्याआधीची नळी उष्णता राखील तर तो लवकर जागा होतो. परंतु कन्व्हर्टर आणि त्यामागचे भाग तेवढेच अधिक तापणार, हेही ओघाने आले. तसेच नळीवर केवळ बाहेरून लेप दिला, तर आतल्या धातूची उष्णता कोंडते आणि खुद्द पोलाद पूर्वीपेक्षा अधिक तापते. आतूनही लेप दिला तर धातूला संरक्षण मिळते. कारागीर जाणता आहे की नाही, हे पारखण्यास हा एक प्रश्न पुरेसा आहे: ‘लेप आतून देणार, की नुसता बाहेरून?’

म्हणून कपिलधारच्या पिवळ्या गवताकडे पुन्हा वळू. लेप दिलेली गाडी गवतावर उभी करण्यास निर्धोक झाली, असे समजणे ही घोडचूक ठरेल. कन्व्हर्टरचे कवच तितकेच, कदाचित अधिकच, तापलेले असते आणि गाडी थांबल्यावर वाऱ्याचा झोतही थांबलेला असतो. वाळलेले गवत त्याला टेकले तर वणवा लागण्यास वेळ लागत नाही. त्या डोंगरात त्या दिवशी हजारो माणसे असतात. गाडी मोकळ्या जमिनीवर वा मुरमावर उभी करावी, हा उपाय कोणत्याही लेपाहून स्वस्त आणि खात्रीचा आहे. मोटारसायकलीचेही तेच. लेपामुळे नळीची झळ कमी जाणवली, तरी हात किंवा पोटरी टेकली तर चटका बसतोच. साडी सावरत मागे बसणाऱ्या बाईला आणि मुलाला नळीवरचे मूळ झाकण राखते. ते शोभेसाठी काढू नये.

दुसरे मागणे शक्तीचे. लेपाने गाडीला जोर येतो, असे सांगितले जाते. शर्यतीच्या गाडीत, जेथे क्षणाच्या भागालाही किंमत आहे, तेथे लहानसा फरक मोजता येईल. घरच्या गाडीत तो चालविणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही. तिसरे मागणे आवाजाचे. आवाज लेपाने कमी होत नाही आणि वाढतही नाही. आवाज वाढतो तो मूळ सायलेन्सर काढून आतून पोकळ असलेली बाहेरची नळी बसविल्याने. अशी नळी लेप दिल्याने सभ्य होत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिली आहेत. दंडाची भीती एक वेळ बाजूला ठेवू. पण पायी चालून थकलेल्या वृद्धेच्या कानाशी तो फटाका फुटतो तेव्हा तिच्या छातीत काय होते, याचा विचार कायद्याच्याही आधी सुचला पाहिजे.

मग लेप घ्यावा कोणी? ज्याची नळी वारंवार गंजून सडते, ज्याच्या इंजिनाशेजारच्या तारा झळीने करपतात, ज्याला जुन्या गाडीचे दुर्मिळ मॅनिफोल्ड टिकवावयाचे आहे, त्याने जरूर घ्यावा. नळीभोवती गुंडाळण्याच्या पट्टीपेक्षा या कामी लेप बरा, कारण पट्टी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि साधे पोलाद तिच्याआड सडते. मात्र काम देताना विचारावे: आधी नळी कशाने साफ करणार? ओतीव लोखंडाचा भाग तेल प्यालेला असतो, तो भट्टीत जाळून कोरडा करणार का? भाजण्याचे तापमान किती आणि वेळ किती? सेन्सरचे आटे व जोडाच्या बैठका झाकणार का? या प्रश्नांना जो ‘सगळे होते हो, काळजी करू नका’ एवढेच उत्तर देतो, त्याच्याकडे बहुधा चंदेरी रंगाचा डबा असतो.

आणखी एक प्रश्न विचारावा, जो गिऱ्हाईक कधीच विचारीत नाही: साफ करताना वाळूचा मारा करता काय, आणि तो करणाऱ्या माणसाच्या तोंडावर काय असते? कोरड्या वाळूच्या माऱ्यात सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस हा रोग जडतो आणि त्यातून फुप्फुस पुन्हा पूर्ववत होत नाही. वाळूऐवजी ॲल्युमिनाचे कण वापरणे, मारा बंद पेटीत करणे आणि योग्य मुखवटा घालणे ही साधने उपलब्ध आहेत. वाळूजच्या किंवा पुण्याजवळच्या एखाद्या लहान कारखान्यात आपल्याच जिल्ह्यातला मुलगा त्या नळीसमोर उभा असण्याचा पुष्कळ संभव आहे. आपली नळी चार वर्षे अधिक टिकावी आणि त्याची छाती चार वर्षे आधी निकामी व्हावी, हा व्यवहार आपल्यापैकी कोणालाही रुचणार नाही.

कल्हईवाल्याला आपल्या आया विचारीत, ‘भांडे नीट घासलेस ना?’ कथिलाच्या चकाकीला त्या भुलत नसत. धुराड्याच्या लेपाचीही परीक्षा याहून वेगळी नाही. वरच्या झळाळीआधी खालचा धातू पाहावा, धातूआधी तो घासणारा हात पाहावा. आणि अडविलेली उष्णता पुढे कोणाच्या वाट्याला जाणार आहे, तेही पाहून घ्यावे.