पान मिटलं म्हणजे तहान नव्हे

डिसेंबरातली सकाळ. परसात पावसाळ्याअखेर लावलेलं केळीचं रोप रात्रभर गारठ्यात काकडलेलं असतं. नऊ-दहाचं ऊन पडलं की त्याची पानं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी खाली मिटू लागतात. जीव कळवळतो आणि हात बादलीकडे जातो. आळं कालच्या पाण्यानं ओलंच असतं, हे लक्षात येत नाही. माझं पहिलं रोप मी असंच रोज पाणी घालून घालवलं. जानेवारीत उपटून पाहिलं तर मुळं काळी पडली होती, त्यांना कुजका वास येत होता.

पाणी असूनही रोप सुकतं, कारण गार मातीत केळीच्या मुळांना ते ओढता येत नाही. पान उन्हात बाष्प सोडू लागतं, पण खालचं मूळ अजून रात्रीतच असतं. थंडीत पाणी जरा दाट होऊन संथ वाहतं. त्याहून मोठी अडचण मुळांच्या पेशींत आहे. पेशीभोवतीचा पातळ पडदा स्निग्ध पदार्थांचा असतो आणि हिवाळ्यात खोबरेल थिजावं तसा तो ताठरतो. गहू थंडीची चाहूल लागताच या स्निग्धांशाची घडण बदलून पडदा लवचिक ठेवतो. आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या उबदार, दमट जंगलांतून आलेल्या केळीला ते फारसं जमत नाही. एरवी आठ-दहा दिवसांना एक नवं पान देणारी केळ पारा १६ अंशांखाली राहू लागला की जवळजवळ थांबते.

त्यात आळ्यात पाणी साचलं तर मुळांची हवाही तुटते. आपल्या शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द इथे मला फार मोलाचा वाटतो: मातीत ओल आहे आणि हवाही आहे. मूठभर माती दाबा. गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये, गोळा टाकला की फुटावा. तेवढी ओल असेल तर पाणी देऊ नका.

मग जळगावकडे, रावेर-यावलच्या केळीबागांत, कडाक्याच्या थंडीत रात्री पाणी का देतात? विहिरीचं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं, ती ऊब मातीत उतरते. शिवाय ओलसर माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते. केळीचं दिसतं ते खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी. लहान रोपाचा खरा शेंडा जमिनीलगत, कंदात असतो. त्यामुळे माती सांभाळली की शेंडा सांभाळला. घरी मात्र गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं गार पाणी टाळा. दुपारी, ऊन असताना, थोडं द्या. बुंध्यापासून चार बोटं सोडून उसाचं पाचट पसरा.

पानांचं दुखणं निराळं. निरभ्र रात्री रुंद पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतं. म्हणून भिंतीच्या आडोशाचं रोप तरतं. रात्रीपुरतं वर जुनं धोतर ताणलं तरी फरक पडतो. वाऱ्यानं फाटलेली पानं कापू नका, चिंध्या झालेलं हिरवं पानही अन्न तयार करतं. करप्याचे डाग असलेली तेवढी काढा.

आता मी पोंग्यावर, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या नव्या पानावर, शेजारच्या देठाच्या पातळीला, चुन्याचं बारीक बोट लावून ठेवतो. खूण आठवडाभर तिथंच असली की बादली ठेवून देतो. फेब्रुवारीत ती वर सरकू लागते, तेव्हा पाणी वाढवतो.