मोटारीतील स्वरांची हद्दवाटणी

गिरगावातून ऑपेरा हाउसवरून लॅमिंग्टन रस्त्याकडे, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाकडे, वळले की मोटारींच्या साजसामानाची आणि ध्वनियंत्रांची दुकाने लागतात. आणि तेथे स्पीकर घ्यावयास येणारे गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न करते तो 'किती वॅटचा?' हा. वास्तविक त्याआधी विचारावयाचे ते हे, की कोणत्या स्पीकरने कोणता स्वर वाजवावयाचा आणि ही हद्द आखून कोणी द्यावयाची.

मनुष्याच्या कर्णेंद्रियास साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ग्रहण करता येतात. डग्ग्याचा घुमारा उठविण्यास पुष्कळ हवा हालविणारा मोठा पडदा लागतो, तर भजनी टाळांचा किणकिणाट इतका द्रुत असतो की त्यासाठी हलका, चिमुकला पडदाच हवा. म्हणून खर्जाचा कारभार वूफरकडे, तारस्वरांचा ट्विटरकडे, आणि दोहोंचे इलाखे वाटून देण्याचा अखत्यार क्रॉसओव्हरकडे असतो.

त्याची रचना साधी आहे. तांब्याच्या तारेची कॉइल उच्च कंपनांना अडविते, कपॅसिटर नीच कंपनांना अडवितो. ४ ओहमच्या ट्विटरमागे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर सुमारे ४,००० हर्ट्झच्या खाली, सप्तकागणिक अंदाजे ६ डेसिबल या प्रमाणात, आवाज क्षीण होत जातो. मात्र तोच कपॅसिटर ८ ओहमच्या ट्विटरला लावला की ती हद्द २,००० हर्ट्झवर उतरते, नाजूक पडद्यावर न पेलणारा भार पडतो, आवाज फाटतो आणि क्वचित ट्विटर जळूनही जातो. एका संचाचा क्रॉसओव्हर दुसऱ्यास जोडू नये, तो याच कारणास्तव.

निवडीविषयी सांगावयाचे तर, वूफरच्या मध्यावरच ट्विटर बसविलेला कोएक्सियल स्पीकर अल्प खर्चात व अल्प खटपटीत काम भागवितो. परंतु ज्यास गायकाचा स्वर पायांशी नव्हे तर समोर ऐकू यावा असे वाटते, त्याने ट्विटर वर, काचेलगत, बसविता येणारा कंपोनंट संच घ्यावा. डिकीतील सबवूफरला साधारण ८० हर्ट्झच्या खालचाच प्रांत द्यावा, आणि पीक वॅटच्या फुगविलेल्या आकड्याऐवजी आरएमएसचा, म्हणजे सातत्याने पेलता येणाऱ्या शक्तीचा, आकडा पाहावा. मानवी कंठाचा मुख्य विस्तार दारातील वूफरच्या हद्दीत येतो. म्हणून भावगीत आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्याने सबवूफरवर पैसे घालण्यापूर्वी ते दारातील स्पीकरवर, आणि दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून लावावयाच्या डॅम्पिंग शीटवर, खर्चावेत.

हद्दवाटणी नीट झाली की गाण्याचे शब्द मंद आवाजातही स्पष्ट ऐकू येतात, आणि हा लाभ मुंबईसारख्या दाटीच्या शहरात लहान नव्हे. परळला केईएम व टाटा ही रुग्णालये जवळजवळ आहेत, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयांभोवती राज्य शासनाने घोषित केलेले किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र तेथून जाणाऱ्या मोटारींनाही बंधनकारक असते. तेव्हा दुकानात वॅट मोजण्याआधी क्रॉसओव्हरची हद्द विचारा, आणि आपल्या रोजच्या ऐकण्यातले एखादे गाणे मंद आवाजात लावून, शब्दन्‌शब्द ऐकू आल्यावरच दाम मोजा.