रविवारच्या भक्तीला कोण येत नाही?

आमच्या मंडळीत रविवारची भक्ती साडेनवाला सुरू होते. मराठी प्रॉटेस्टंट घरांत चर्चच्या माणसांना मंडळी म्हणतात आणि सामुदायिक उपासनेला भक्ती. घंटा होते, पेटी-तबल्यावर ‘उपासना संगीता’तलं पहिलं गीत सुरू होतं, मग शास्त्रवाचन, प्रार्थना, दानार्पण आणि पाळकसाहेबांचा उपदेश. भक्ती सुटली की माणसं अंगणात एकमेकांना सलाम करत रेंगाळतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे सगळं तिथेच कळतं. त्या अंगणात मी लहानाची मोठी झाले. पुढे परिचारिकेची नोकरी धरली, तेव्हा रात्रपाळी संपवून गणवेशावरच भक्तीला येऊन बसायची.

आता मागच्या बाकांकडे पाहिलं की जीव तुटतो. साठी ओलांडलेले आम्ही आहोत, शब्बाथ शाळेची चिमुरडी आहेत. पंचविशी ते पंचेचाळिशीतली माणसं मात्र नाताळ आणि उत्तम शुक्रवार सोडला तर दिसत नाहीत.

मंडळीत यावर चर्चा होते तेव्हा कारणं ठरलेली असतात. मोबाइल, आयटीतल्या नोकऱ्या, हातात खेळणारा पैसा, आणि सर्वांत वर कोरोना. मार्च 2020 मध्ये देवळं, म्हणजे चर्चच्या इमारती, बंद झाली, भक्ती यूट्यूबवर गेली आणि लोकांना चहा घेत उपदेश ऐकायची सवय लागली, असं म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही. पण जे येत नाहीत त्यांच्याशी मी बोलले आहे. भाचेमंडळी, शेजारची मुलं, माझ्या हाताखाली शिकलेल्या सिस्टर. त्यांच्यापैकी कुणीही देव नाही असं म्हटलं नाही. येशूवरचा विश्वास उडाला असंही कुणी म्हटलं नाही. सगळ्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट फिरून फिरून आली: आत खरं बोलता येत नाही.

हे नीट कळायचं तर थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकन मिशनरी मुंबईत 1813 साली आले आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1831 साली. ‘ज्ञानोदय’ हे पत्र नगरातच 1842 साली निघालं. शहरांत मोजक्या उच्चवर्णीयांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची नावं इतिहासात गेली, पण नगर जिल्ह्यातली गावोगावची मंडळी उभी राहिली ती महारवाड्या-मांगवाड्यांतून. माझे पणजोबा त्यांतलेच. आजोबा मिशनच्या एकशिक्षकी शाळेत मास्तर होते. आठवडाभर बाराखडी आणि पाढे, रविवारी उपदेश. ज्या मुलांना गावच्या शाळेत ओट्याखाली बसवत ती आजोबांच्या शाळेत सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसत. आमच्या घराण्याचा ख्रिस्ती धर्म त्या सतरंजीपासून सुरू होतो, असं मी मानते. पुस्तकातली तत्त्वं नंतर आली.

मग 1950 साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. हिंदू नसलेल्या कुणालाही अनुसूचित जातीचं मानलं जाणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गीयांत जागा आहे, पण ती जागा वेगळी, सवलती वेगळ्या. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर पडलं म्हणून गावाने विहीर खुली केली नव्हती. सरकारी कागदाने मात्र धरलं की या माणसाची जात संपली.

यातून घराघरांत दोन वह्या तयार झाल्या. मंडळीच्या रजिस्टरात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरा धर्म. ज्यांनी दाखल्यावर खरं लिहिलं त्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती गेली. ज्यांनी जुनी जात राहू दिली त्यांची मुलं शिकली, नोकरीला लागली आणि मग भीतीने देवळापासून दूर झाली. ही भीती निराधार नाही. पुदुच्चेरीतल्या एका बाईंना नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये तो नाकारला, आणि त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता व त्या नेमाने चर्चला जात होत्या, या गोष्टी त्यात त्यांच्या विरोधात गेल्या. चर्चला जाणं हाच जिथे पुरावा ठरतो, तिथे सरकारी नोकरीतला तरुण मागच्या बाकावरही का बसेल? धर्मांतरितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, याचा विचार करायला केंद्राने 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार, एका टक्क्याहूनही किंचित कमी. या आकड्यात कोण मोजला गेला आणि कोण लपला, हे प्रत्येक मंडळीला ठाऊक असतं. ते उघड बोललं जात नाही. मला राग या गप्प बसण्याचा येतो. मुलगा आईला विचारतो, आपण खरे कोण? आई म्हणते, हळू बोल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धर्माविषयी मिळालेला पहिला खरा धडा हा असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. मिशनरी गेले, त्यांचे बंगले, शाळा, दवाखाने, आवारं मागे राहिली. शहराबाहेर घेतलेल्या या जागा आज भर बाजारात आल्या आहेत. त्या ट्रस्टांच्या नावावर आहेत आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा त्यांना लागू आहे. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. या दोन शब्दांनी आमच्या किती मंडळ्या फोडल्या! निवडणूक होते, हरलेला गट निवडणूक मानत नाही, दोन्ही गट आपापला चेंज रिपोर्ट दाखल करतात, आणि तो मंजूर होईपर्यंत वर्षानुवर्षं खरी कमिटी कोणती हेच ठरत नाही.

मी हे एका तालुक्याच्या गावी जवळून पाहिलं. बदली होऊन गेले तेव्हा तिथल्या मंडळीत दोन कमिट्या होत्या. एका रविवारी पोहोचले तर देवळाच्या दाराला दोन कुलपं, एकावर एक. दोन्ही गट आवारात, एक चिंचेखाली, दुसरा पायऱ्यांवर. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार. चिंचेखालच्यांनी गीत सुरू केलं तसं पायऱ्यांवरच्यांनी दुसरं सुरू केलं, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांचा आवाज बुडवायला गळा ताणून गाऊ लागली. गीतं प्रेमाची आणि क्षमेची होती. माझ्याशेजारी एक मुलगी उभी होती, नुकती दहावी झालेली, त्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासदत्व घेण्याआधीच्या, वर्गाला बसलेली. तिने गीतपुस्तक मिटलं आणि सायकल काढून निघून गेली. पुढे मी तिथे होते तोवर ती मला भक्तीत दिसली नाही. तिच्या आईला मंडळीचे लोक सांगायचे, मुलीला जगाचं वारं लागलंय. मला वाटतं, त्या दिवशी त्या आवारात सुवार्ता नीट समजलेली तीच एक होती.

खरं तर नाराज होणं ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. मराठी ख्रिस्ती समाज ज्या दोन माणसांच्या तसबिरी अभिमानाने लावतो, ती दोघंही चर्चवर नाराज होती. आमच्या दृढीकरणाच्या वर्गात हे कुणी शिकवत नाही, म्हणून इथे सांगते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना माया दिली आणि आज्ञापालनाची अपेक्षा धरली. रमाबाईंनी अंड्याचे पदार्थ खाल्ले नाहीत. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. आपल्याला न कळणारी भाषा का मिरवायची, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. भारतात नोकरीला जाणाऱ्या इंग्रज पुरुषांना देशी भाषा शिकवायची त्यांची तयारी होती, पण बिशपांना बाईने पुरुषांना शिकवणं रुचलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावर तर त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. पुढे त्यांनीच सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आज एखाद्या तरुणीने आमच्या मंडळीत उभं राहून असं म्हटलं तर तिच्यासाठी तातडीने प्रार्थनासभा ठेवतील. तिचं म्हणणं कुणी ऐकून घेणार नाही. आणि याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं आणि 1922 साली, ते काम पुरं करून, देह ठेवला.

दुसरे नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरला अमेरिकन मिशनमध्ये वीसेक वर्षं सेवा. आम्ही दर रविवारी गातो त्यांतली कितीतरी गीतं त्यांची. त्यांना दिसत होतं की मिशनच्या पगारावर वाढलेली मंडळी मिशनकडेच तोंड करून उभी राहते, देशाकडे पाठ होते. 1917 साली त्यांनी मिशन सोडलं, पगार सोडला आणि देवाचा दरबार सुरू केला. ख्रिस्ताचा शिष्य असलेल्या कुणालाही त्यात यायला वाट होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. दोन वर्षांत, 1919 च्या मेमध्ये, ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, बांधलेली भाकर सोडून, ख्रिस्ताला न सोडता संस्थेबाहेर पडलेला हा माणूस आमच्या गीतपुस्तकात ठाण मांडून आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली स्वतःची तडफड आणि मनातला सोवळेपणा सुटायला लागलेला वेळ जसा लपवाछपवी न करता सांगितला, तसं सांगणारी माणसं आज मंडळीत हवी आहेत.

मंडळीतून गेलेले सगळेच घरी बसत नाहीत. बरेच जण स्वतंत्र मंडळ्यांत जातात. भाड्याचा हॉल, ड्रम आणि कीबोर्ड, हात उंचावून प्रार्थना, अन्य भाषांत बोलणं, पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. आमचे वडीलधारे याला परदेशी थेर म्हणतात. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की 1905 साली केडगावच्या मुक्तीत मुली अशाच रडत, भान हरपून प्रार्थना करत होत्या, आणि अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ज्या सभांपासून अशा भक्तीची चळवळ सुरू झाली असं सांगतात त्या पुढच्या वर्षीच्या. स्वतंत्र मंडळ्यांत जाणाऱ्यांना आपलं दुःख मोठ्याने सांगता येतं, कुणीतरी डोक्यावर हात ठेवतं, हे मी पाहिलं आहे आणि त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण काही ठिकाणी दशमांशाचा हिशेब पाळक एकट्याच्या खिशात असतो, आणि औषध सोडून फक्त प्रार्थनेवर राहिलेले मधुमेही मी वॉर्डात ॲडमिट करून घेतले आहेत. तिथूनही तरुण बाहेर पडतात, आणि ते जास्त जखमी झालेले असतात.

माझा एक भाचा हिंजवडीत नोकरी करतो. पाच-सहा वर्षं झाली, भक्तीला येत नाही. पगाराचा दशमांश मात्र दर महिन्याला बाजूला काढतो आणि सरकारी रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्या गटाला देतो. मी त्याला म्हटलं, अरे, हेच मंडळीतून कर ना. तो म्हणाला, “आत्या, तिथे पैसे दिले की पावती मिळते. आपल्याकडे हिशेब विचारला की विश्वास कमी आहे म्हणतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वार्षिक सभेत हिशेब विचारणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना ‘यहूदा’, म्हणजे येशूला धरून देणारा शिष्य, म्हटलेलं मी याच कानांनी ऐकलं होतं.

मी भक्तीला जायची थांबणार नाही. प्रभुभोजनाचा तो पाव ज्या हातांनी माझ्या पणजोबांना पहिल्यांदा बरोबरीचा माणूस म्हणून दिला, त्या हातांचं ऋण माझ्यावर आहे, आणि तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा माझ्यावर जीव आहे. मंडळीने दोन गोष्टी कराव्यात एवढंच मला हवं आहे. जमाखर्च आणि जमिनीच्या दाव्यांची स्थिती दर तीन महिन्यांनी देवळाच्या फलकावर लावावी. आणि महिन्यातून एकदा भक्तीनंतर तासभर फक्त प्रश्नांसाठी ठेवावा: दाखल्याचा प्रश्न, जातीचा, त्रैक्याचा, कुठलाही. पाळकसाहेबांना उत्तर येत नसेल तर त्यांनी तसं म्हणावं.

आमची वार्षिक सभा एप्रिलमध्ये असते आणि ठराव आधी लेखी द्यावा लागतो. तो मी लिहून ठेवला आहे. अनुमोदक म्हणून भाच्याची सही घ्यायची होती, पण सभासद वर्गणी थकली म्हणून त्याचं नाव मतदारयादीतून कमी झालं आहे. थकलेली वर्गणी भरून नाव परत घालायचं का, हे मी त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, आधी ठराव वाचायला पाठव.